इलॅस्टिकवरचा आळ

टेलरमास्तरांच्या धाकट्या लेकीला पहिला दात आला आणि सासऱ्यांचा शेवटचा दात पडला, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या आणि घरात कौतुक फक्त एकाच दाताचं झालं, त्यामुळे सासरे आधीच बिनसलेले होते. त्यात टेलरमास्तरांनी बावीस विजारी शिवायला घेतल्या.

मास्तर या घराचे जावई होते असं म्हणावं, तर घर मास्तरांचंच होतं. सासऱ्यांच्या पाठीत एकदा उसण भरली म्हणून ते चार दिवस लेकीकडे राहायला आले होते. उसण दुसऱ्या दिवशी गेली. सासरे राहिले. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. चाळीस वर्षं त्यांनी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून काढली होती, औषधाच्या बाटल्यांवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवल्या होत्या, आणि त्या पट्ट्यांसारखंच प्रत्येक माणसावर एक लेबल चिकटवायची त्यांना सवय लागली होती. मास्तरांवरचं लेबल लग्नाच्या दिवशीच लागलं होतं. "लोकांच्या कमरा मोजणारा माणूस!" असं ते तेव्हा म्हणाले होते, आणि एकोणीस वर्षांत लेबल बदलायची त्यांना गरज वाटली नव्हती.

यात मास्तरांना सर्वांत जास्त काय झोंबत असेल, तर सासरे आपले कपडे बाहेर शिवून घेत. दुकान घराच्या खालीच. जिना उतरला की मशीन, कैची, इस्त्री, हसतमुख जावई. पण सासरे हातात कापडाची पिशवी घेऊन दुकानावरून, अगदी काउंटरसमोरून जात आणि दोन बस बदलून गावाच्या पलीकडच्या टेलरकडे पोचत. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण निदान पिकवणाऱ्याच्या तोंडासमोरून तरी कोणी परका भाजीपाला मिरवत नेत नाही. आणि शिवून काय आणत, तर डावा पाय उजव्यापेक्षा अर्धा इंच लांब. मास्तर तो अर्धा इंच रोज बघत आणि गिळत.

तर त्या बावीस विजारी. पाण्याच्या टाकीमागे एक मोकळी जागा होती. तिथे सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्त लोकांनी एक मंडळ काढलं होतं. मंडळाचा म्होरक्या कर्नल. कर्नल हे टोपणनाव. गृहस्थ आयुष्यभर गोदामपाल होते, पण गळ्यात शिट्टी घालत आणि "डावा-उजवा" असं मोठ्याने म्हणत, त्यामुळे पदवी मिळाली. कर्नलच्या मनात आलं की सगळ्यांना एकसारख्या राखाडी विजारी हव्यात.

"नाडीच्या शिवू का?" मास्तरांनी विचारलं.

"नाडीचं बोलू नका," कर्नल म्हणाले. "आमच्यातल्या निम्म्यांना गाठ बांधता येते ती सोडता येत नाही, आणि उरलेल्यांना सोडता येते ती बांधता येत नाही."

मग मास्तरांना कल्पना सुचली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नेफ्यात नाडीऐवजी दोन इंची इलॅस्टिक घालायचं आणि घोट्यालाही बारीक इलॅस्टिक, म्हणजे विजारीत वारा शिरणार नाही आणि व्यायामाला पाय मोकळा. नमुन्याची विजार काउंटरवर टांगली. शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळं गाव मोठ्या बाई म्हणे, त्या रस्त्याने जाताना थांबल्या, इलॅस्टिक दोन बोटांनी ताणून बघितलं आणि म्हणाल्या, "मुलांच्या गणवेशाला हे बरं पडेल. बघू या तुमच्या म्हाताऱ्यांच्या अंगावर कसं बसतंय."

शाळेचे गणवेश! आजवर ते मोठ्या रस्त्यावरचं मोठं दुकान शिवत होतं, जिथे टेलर स्वतः कधी दिसत नसे. मास्तर त्या दिवशी जिना दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले आणि जेवताना ही बातमी सांगितली. सासऱ्यांनी ताटातून मान वर केली नाही. "आता पोरांच्या कमरा," एवढंच म्हणाले.

सोमवारी सकाळी बावीस राखाडी विजारींचं उद्घाटन झालं. मास्तर खास गेले, तेविसावी विजार घालून. पाऊस होऊन गेलेला, टाकी गळत असलेली, त्यामुळे जागेवर गुडघाभर हिरवंगार गवत माजलं होतं. कर्नलनी शिट्टी मारली आणि सगळ्यांना गवतात मांडी घालून बसवून अर्धा तास श्वास घ्यायला लावला. सासरेही आले होते, पण टीका करायला. त्यांनी घरून घडीची खुर्ची आणली होती आणि ती फरसबंद वाटेवर मांडून ते पाय आडव्या दांडीवर ठेवून बसले होते. "एवढं बसायला जमतं, तर घरीच बसा की," असं त्यांनी दोनदा ऐकू जाईल असं म्हटलं.

सोमवारचा दिवस फार छान गेला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे सगळा घोटाळा त्याच्यामुळेच झाला. ज्याने चावलं त्याने त्याच दिवशी आरडाओरडा करू दिला असता, तर गवताचं नाव लगेच निघालं असतं. पण हा किडा हिशेबाने वागतो. चावतो आज, खाजतं उद्या, आणि परवा तर माणूस भिंतीला पाठ घासतो.

मंगळवारी सकाळी कर्नल दुकानात आले ते शिट्टी न घालता. काउंटरच्या आत शिरले, पडदा ओढला आणि सदरा वर केला. कमरेभोवती बरोबर दोन इंच रुंदीचा तांबड्या पुरळाचा पट्टा होता. जणू कोणी लाल खडूने नेफ्याची आखणी केली होती.

"हे काय आहे?" कर्नल म्हणाले.

"काय आहे?" मास्तरांनीही तेच विचारलं.

"तुम्ही शिवलंय, तुम्ही सांगा."

विजारीचा पाय वर केला तर घोट्यालाही तसंच बारीक कडं. मास्तर खाली बसून बघत होते, तेवढ्यात त्यांच्या स्वतःच्या कमरेत काहीतरी चुळबुळलं. त्यांनी हात नेला. मग दुसरा नेला. पडद्याच्या आत दोन पोक्त माणसं एकमेकांकडे बघत खाजवत उभी राहिली, आणि बाहेर बटणं घ्यायला आलेल्या एका बाईंनी पडदा बाजूला केला. त्या आल्या पावली वळल्या. बटणंही न घेता गेल्या.

दुपारपर्यंत अकरा जण आले, बुधवारी बाकीचे. प्रत्येकाच्या अंगावर पुरावा मापाने छापलेला. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तर टेप मागून स्वतःच मोजू लागले. "दोन इंच! तंतोतंत दोन इंच! इलॅस्टिक किती आहे म्हणालात?"

"दोन इंच," मास्तर म्हणाले. काय करणार, खोटं माप सांगायची सवय नव्हती.

विजारी परत आल्या. काउंटरवर राखाडी ढीग साचला. बाहेर रस्त्यावर जो तो सल्ला देत होता. कोणी म्हणे रबर कुजकं आहे, कोणी म्हणे रंगात विष आहे. वरच्या मजल्यावरच्या काकू गच्चीवरून म्हणाल्या, "माझ्या भावाला असंच झालं होतं. पट्ट्याची दोन टोकं एकत्र आली की माणूस गेलाच."

"मग गेले का तुमचे भाऊ?" मास्तरांच्या बायकोने खालून विचारलं.

"नाही. त्याचा पट्टा अर्ध्यावर थांबला."

घरात सासऱ्यांना मात्र नवं आयुष्य मिळालं. दात पडल्यापासून घरात पहिल्यांदाच कोणी त्यांना काही विचारायला आलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, जावयाला खिडकीशी उभं केलं, पुरळाचं निरीक्षण केलं आणि लेबल चिकटवलं: "स्पर्शजन्य."

"म्हणजे?" मास्तरांची बायको म्हणाली.

"म्हणजे एकाचं दुसऱ्याला. कपड्यातून, हातातून, टॉवेलमधून. सोमवारी कोणालाच नव्हतं, मंगळवारी अकरांना, आज बाविसांना. पसरलं की नाही? याला वेगळं ताट द्या, वेगळी सतरंजी द्या आणि धाकटीला याच्याकडे देऊ नका."

हे शेवटचं मास्तरांना फार लागलं. धाकटीच्या दातावर बोट फिरवणं हा त्या आठवड्यातला त्यांचा एकमेव आनंद होता. पण सासऱ्यांचं म्हणणं खरं ठरत होतं, कारण ते बोलत असतानाच थोरली लेक कोपर खाजवू लागली, मग बायको मान खाजवू लागली. खाज माणसाकडून माणसाकडे जाते ही गोष्ट खरीच आहे. फक्त ती कातडीवरून जात नाही, कानावरून जाते. वाचणाऱ्याने आत्ता स्वतःचे हात कुठे आहेत ते बघावं.

"उपाय?" मास्तरांनी विचारलं.

"जंतू आत शिरलाय. त्याचं दार बंद करायचं, गुदमरून मरेल." सासऱ्यांनी थोरलीच्या खणातून नखांना लावायच्या रंगाची बाटली मागवली. दवाखान्यात ज्या एकाग्रतेने त्यांनी चाळीस वर्षं पट्ट्या चिकटवल्या, त्याच एकाग्रतेने त्यांनी जावयाच्या घोट्यापासून कमरेपर्यंत एकेका पुळीवर चकचकीत डाळिंबी ठिपका ठेवला. एकशे सात भरले. बाटली संपली तेव्हा थोरली रडली.

खाज गुदमरली नाही. उलट ठिपके वाळल्यावर ओढ बसून अधिकच आग होऊ लागली. आणि अशा स्थितीत, गुरुवारी सकाळी, मोठ्या बाई दुकानात आल्या.

मास्तर मशीनवर होते. मशीन चालवायचं तर विजार जरा वर घ्यावी लागते. मोठ्या बाईंची नजर पॅडलवर वरखाली होणाऱ्या डाळिंबी पायांवर गेली आणि तिथेच राहिली.

"हे औषध आहे," मास्तर म्हणाले.

"मी काही विचारलं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. मग खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या, कशालाही न टेकता. "हे बघा मास्तर, तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही. पण उद्या तीनशे मुलं वर्गात कमरा खाजवायला लागली, तर आई-बाप मला सोलतील. रविवारपर्यंत थांबते. इलॅस्टिकचा दोष नाही हे दाखवून द्या. नाही दाखवता आलं तर मोठ्या दुकानाला सांगावं लागेल. आणि खरं सांगू? मग या विजारीची गोष्ट गावभर होईल आणि तुमच्याकडे रुमालसुद्धा कोणी शिवायला टाकणार नाही."

त्या गेल्यावर मास्तर बराच वेळ टेप गळ्यात घालून नुसते बसून राहिले. बायको खाली आली. तिने ढिगातली एक विजार उचलली, उलटी केली, नेफा बघितला, टाके बघितले. "शिवणीत तर काही नाही," ती म्हणाली. "अहो, असं बसून काय होणार? डॉक्टरीणबाईंकडे जा. आणि बाबांना घेऊन जा, नाहीतर आल्यावर त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल."

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी एक ठिपका खरवडला आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

सासरे छताकडे बघू लागले.

"गवतात बसला होतात का?" बाईंचा दुसरा प्रश्न. तीन दिवसांत गावातल्या एकाही शहाण्याने हा प्रश्न विचारला नव्हता. मग त्यांनी सांगितलं ते असं. गवतात एक बारीक तांबडा किडा असतो, चिगर म्हणतात. जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या जातीतला, आणि चावतं ते त्याचं पिल्लू, डोळ्याला दिसणारही नाही एवढं. ते पायावरून चढत चढत जातं आणि जिथे कपडा घट्ट असतो तिथे त्याची वाट अडते. मग तिथेच बैठक मारून चावतं आणि गळून पडतं. अंगात शिरत नाही, तिथे राहत नाही, त्यामुळे गुदमरवण्यासारखं आत कोणी नाही. खाज दुसऱ्या दिवशी सुरू होते, कोणाला लवकर, कोणाला उशिरा, म्हणून पसरल्यासारखं वाटतं. एकाचं दुसऱ्याला होत नाही. कपडे कढत पाण्यातून काढायचे, साबणाने अंग धुवायचं, गार पाण्याची घडी ठेवायची, हे मलम लावायचं, आणि खाजवायचं नाही.

"म्हणजे माझ्या इलॅस्टिकचा दोष नाही?" मास्तर उठूनच उभे राहिले.

"इलॅस्टिक म्हणजे नुसता त्याचा थांबा. गाडी गवतातून सुटते."

"आणि स्पर्शजन्य?" सासऱ्यांनी विचारलं.

"अजिबात नाही, आजोबा."

सासरे परतीच्या वाटेवर दोन पावलं पुढेच चालत राहिले. घराच्या दारात म्हणाले, "त्या पोरीच्या वयाइतका अनुभव माझ्या चपलेला आहे."

मास्तर धावत कर्नलकडे गेले. कर्नलनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डॉक्टरीणबाईंचे पांढरे कोट कोण शिवतं?"

"मी."

"मग झालं तर."

दिसत नाही असा किडा, तोही गिऱ्हाइकाने शोधून काढलेला! मंडळाने एकमताने हसून घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोर इतका बारीक होता की त्याच्या गळ्यात बसेल असा दोर कोणी वळला नसता.

मग एखाद्या कचेरीने लिहून द्यावं म्हणून मास्तर शुक्रवारी आरोग्यखात्यात गेले. खिडकीमागच्या कारकुनाने छापील अर्ज पुढे सरकवला. त्यावर चौकोन होते: डास, ढेकूण, उंदीर, मोकाट कुत्री.

"यात माझा किडा नाही," मास्तर म्हणाले.

"मग तुमची तक्रार नाही," कारकून म्हणाला.

बरीच विनवणी झाल्यावर त्याने डासाच्या चौकोनाखाली पेनाने एक नवा चौकोन काढला. मग जागा कोणती ते विचारलं. टाकीमागची म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. "जमीन पाणीखात्याची. गवत बागखात्याचं. किडा गवतावर असताना बागखात्याचा, जमिनीवर उतरला की पाणीखात्याचा."

"आणि माझ्या अंगावर आला की?"

"मग आमचा. पण मग नमुना जोडावा लागेल. जिवंत किंवा मेलेला, बाटलीत."

"अहो, तो दिसत नाही!"

"दिसत नाही तो नमुना आम्ही तपासणार कसा? तुम्हीच सांगा." बोलता बोलता कारकुनाने मानेवरून हात फिरवला. मग कॉलरच्या आत बोट घातलं. शेवटी उठून उभा राहिला आणि पाठ दाराच्या कडेला घासत म्हणाला, "अर्ज ठेवा इथे आणि जरा लांब उभे राहा."

त्या दिवशी मास्तर जेवायला वर आले ते आशा सोडून. गणवेश गेल्याचं दुःख होतंच. पण त्याहून मोठं दुःख समोर ताटावर बसलं होतं आणि हिरड्यांनी भाकरीचा तुकडा चघळत होतं. एकोणीस वर्षं ज्या माणसाला त्यांनी मनातल्या मनात सांगितलं होतं की एक दिवस बघाल, त्या माणसाला आता काय दिसणार होतं? डाळिंबी पाय.

"मला एक कळत नाही," बायको वाढता वाढता म्हणाली. "सोमवारी बाबाही तिथेच होते. त्यांना कसं काही झालं नाही?"

"मी तो घाणेरडा कपडा घातला नव्हता," सासरे म्हणाले.

"तुम्ही खुर्चीवर होतात," मास्तर म्हणाले.

"कपडा!"

"गवत!"

"मग भांडता कशाला?" बायको म्हणाली. "बाबांनी विजार घालून खुर्चीवर बसावं. यांनी नाडीचा पायजमा घालून गवतात बसावं. कोणाला खाजतं ते मंडळासमोर दाखवा."

घास तोंडात ठेवूनच दोघं थांबले. मास्तरांच्या मनात आलं, सासरे आपण शिवलेला कपडा अंगाला लावतील? शक्यच नाही. पण सासऱ्यांच्या डोक्यात वेगळाच हिशेब चालला होता. रोग स्पर्शजन्य असेल, तर रोग्याची विजार घातल्यावर तो व्हायलाच हवा. झाला, की डॉक्टरीणबाई खोट्या, जावई खोटा, आणि कंपाउंडर खरा.

"कर्नलचीच विजार आणा," ते म्हणाले. "सर्वांत जास्त खाजवणाऱ्याची. नंतर म्हणायला नको."

"उकळून मरेल तो माझा जंतू नव्हे," असं म्हणत सासऱ्यांनी विजार कढत पाण्यातून काढू दिली, मग ती वाळवली, पण कर्नलचं पोट सासऱ्यांच्या दुप्पट. बारीक करायला हवी होती. मास्तर टेप घेऊन उभे राहिले. सासरे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, इंजेक्शन घ्यायला उभं राहावं तसे. मास्तरांनी टेप लावली: कंबर एकतीस, उंची साडेअडतीस. आकडे लिहायला त्यांनी वही उघडली आणि गुपचूप मिटली. आकडे आधीच लिहिलेले होते. सासऱ्यांना दुकानावरून जाताना बघून बघून त्यांनी केव्हाच डोळ्याने माप घेऊन ठेवलं होतं. कंबर एकतीस, उंची साडेअडतीस. दोन्ही पाय सारखे.

शनिवारी सकाळी मंडळासमोर प्रयोग सुरू झाला. सासरे राखाडी विजारीत, फरसबंद वाटेवर, खुर्चीत, पाय दांडीवर. मास्तर नाडीच्या ढगळ पायजम्यात, गवतात, मागे हात टेकून, मनगटावर घड्याळ, कारण बरोबर अर्धा तास मोजायचा होता. कर्नलनी शिट्टी मारली. अर्धा तास दोघं एकमेकांकडे बघत बसले. नंतर घरी येऊन मास्तरांनी मुद्दाम अंघोळ लांबवली, किड्याला पुरेसा वेळ मिळावा म्हणून.

आणि मग सुरू झाली वाट बघायची. घरात दोन पुरुष होते आणि दोघंही खाजेची आराधना करत होते. सासरे दर तासाला विजारीचा नेफा हलवून आत डोकावत. "येतंय," म्हणत. "आत काहीतरी गरम वाटतंय." बायको म्हणे, "बाबा, चहा सांडलाय तुम्ही." विजार काढायची नाही असं ठरलं होतं, म्हणून झोपलेही ते तिच्यातच.

रविवारी पहाटे मास्तर उठले आणि गुडघ्यामागे अशी कडकडून खाज आली की त्यांच्या डोळ्यांत आनंदाचं पाणी आलं. मग काखेत. मग मनगटाला. ते नाचतच स्वयंपाकघरात गेले. "आलं! आलं!" सासरे खुर्चीत बसून होते. त्यांच्या चेहऱ्यावर, एखाद्याचं नाव यादीत लागलं नाही की असतं तसं काहीतरी होतं.

"तुम्हाला, बाबा?" लेकीने विचारलं.

सासऱ्यांनी नेफा सारखा केला. "मंडळासमोर सांगेन," म्हणाले, आणि मास्तरांचं नाचणं थांबलं. कारण आता सगळं त्या एका तोंडावर होतं आणि त्या तोंडातून एकोणीस वर्षांत मास्तरांबद्दल चांगला शब्द निघाला नव्हता.

टाकीमागे सगळे जमले होते. मोठ्या बाई पर्स काखेत धरून वाटेवरच उभ्या होत्या. मास्तरांनी पायजम्याचे पाय वर करून गुडघे दाखवले, काखा दाखवल्या. कर्नल म्हणाले, "हे तुमचं आधीचंच असेल. सोमवारचं. इलॅस्टिकचं."

मग मास्तरांनी मनगट पुढे केलं आणि घड्याळ काढलं. पट्ट्याच्या खाली, पट्ट्याएवढ्याच रुंदीचं, ताजं तांबडं कडं.

"हे घड्याळही मीच शिवलंय का?" मास्तरांनी विचारलं.

बँकवाले टेप शोधू लागले. पण पुरावा अर्धाच झाला होता. सगळ्यांच्या नजरा सासऱ्यांकडे वळल्या. आणि त्याच क्षणी, सगळ्यांच्या देखत, सासऱ्यांचा उजवा हात उठला आणि कमरेकडे गेला. त्यांनी खाजवलं. चांगलं चार बोटांनी.

"बघा!" कर्नल ओरडले. मोठ्या बाईंनी पर्सची क्लिप लावली.

मास्तरांनी डोळे मिटले.

"थांबा," सासरे म्हणाले. ते खुर्चीतून उठले. आवाज दवाखान्यातला, रांगेत ढकलाढकली झाली की काढायचे तो. "तुम्ही बावीस जण समोर उभे राहून माकडांसारखे खाजवताय, ते बघून दगडालाही खाज सुटेल. चाळीस वर्षं औषधं दिली मी. पाणी जास्त घातलं असेल. पण लेबल कधी खोटं लावलं नाही." आणि त्यांनी सदरा वर केला, दोन बोटांनी इलॅस्टिक ताणून कमरेचा नेफा खाली ओढला आणि एकदा सावकाश गोल फिरले. शहात्तर वर्षांची ती कंबर कोऱ्या कागदासारखी होती. इलॅस्टिकच्या वळीची पुसट खूण, बस.

"गवत आहे," सासरे म्हणाले. हे शब्द बाहेर यायला दात नसल्यामुळे बहुधा सोपं गेलं असावं. मग त्यांनी विजार नीट केली, डावा पाय बघितला, उजवा पाय बघितला. "आणि दोन्ही पाय सारखे आहेत," असंही म्हणाले. कोणाला उद्देशून नाही. टाकीला उद्देशून.

मोठ्या बाईंनी तिथेच गणवेश मास्तरांकडे दिले आणि शाळेच्या मैदानातलं गवत दुसऱ्याच दिवशी कापून घेतलं. मंडळाने विजारी परत नेल्या. मात्र कर्नलनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही. "घड्याळ संशयास्पद आहे," असं ते म्हणत राहिले आणि वर्षभर त्यांनी घड्याळ घातलं नाही. आरोग्यखात्याचं उत्तर आठ महिन्यांनी आलं. अर्जदाराने नमुना न जोडल्यामुळे किडा निकाली काढण्यात आला आहे, असं त्यात होतं. गवत तेव्हा उन्हाने आपोआप वाळलं होतं.

त्या संध्याकाळी धाकटी मास्तरांच्या मांडीवर परत आली. सासऱ्यांनीच आणून ठेवली. राखाडी विजार मात्र त्यांनी परत दिली नाही. कर्नलला नवी शिवून द्यावी लागली. पुढे सासऱ्यांच्या विजारीचं इलॅस्टिक तीनदा बदललं. दर वेळी सासरे ती न बोलता काउंटरवर ठेवून जात आणि मास्तर न बोलता काम करत. गावाच्या पलीकडच्या टेलरकडे ते पुन्हा कधी गेले नाहीत. बसला फार गर्दी असते, असं त्याचं कारण त्यांनी सांगितलं.

धाकटीचा पहिला दुधाचा दात पडला त्या वर्षी, नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, सकाळी साडेसहाच्या सुमाराला सासरे वारले. वय ब्याऐंशी. घडीच्या खुर्चीत बसले होते, पाय दांडीवर होते, आणि अंगात राखाडी विजार होती.